आंबटपणाचं आधी ठरवा, मग ला क्रेसेंट लावा

प्रश्न थोडक्यात असा आला आहे. विचारणारे मूळचे निफाड तालुक्यातले, घरी थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाची बाग. आता मिनेसोटात सेंट पॉलच्या पूर्वेला अडीच एकर जागा घेतली आहे. ‘ला क्रेसेंट नावाचं पांढऱ्या वाइनचं द्राक्ष उणे ३० ला टिकतं म्हणतात, खरं का? बर्फात वेल मरणार नाही ना? हिवाळ्यात ती झाकावी लागते का? टिकली तर ड्राय वाइन होते का, कारण एका ओळखीच्यांकडे प्यायलो ती लिंबू पिळल्यासारखी लागली. आणि जमलं तर काड्या नाशिकला नेता येतील का?’

मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूचा. गेली चौदा वर्षं मिनेसोटाच्या पूर्व सीमेवरच्या सेंट क्रॉय नदीच्या खोऱ्यात द्राक्षं करतो, त्यातली दोन एकर ला क्रेसेंट. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना माझीच पहिली दोन वर्षं आठवली. मीही तेव्हा फक्त थंडीबद्दल विचारत सुटलो होतो. तुमच्या प्रश्नात थंडीला तीन ओळी आहेत आणि आंबटपणाला एक. माझ्या अनुभवानं हे प्रमाण उलटं हवं. पण थंडीचं मनातून गेल्याशिवाय पुढचं डोक्यात शिरत नाही, म्हणून ते आधी.

ही जात मिनेसोटा विद्यापीठाची. १९८८ मध्ये संकर झाला, एमएन ११६६ या क्रमांकानं चाचण्या झाल्या आणि २००२ मध्ये ती लागवडीसाठी बाहेर पडली. मिसिसिपीच्या काठावर ला क्रेसेंट नावाचं गाव आहे, त्याचं नाव तिला दिलं. आईबाप दोन्ही विस्कॉन्सिनच्या ऑसिओला गावच्या एल्मर स्वेन्सन यांच्या कामातून आलेले. आई सेंट पेपिन ही द्राक्षाची जात. बाप त्यांच्याच हातची एक निवड, ज्यात नदीकाठचं रानद्राक्ष, म्हणजे व्हायटिस रिपारिया, आणि मस्कट हॅम्बुर्ग हे सुवासिक द्राक्ष एकत्र आले आहेत. स्वेन्सन हे मूळचे दुधाच्या गाईंवाले शेतकरी. गोठा सांभाळून वेली बघणारा माणूस, आणि काड्या मागेल त्याला देऊन टाकणारा. आपल्याकडे नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी शेतात राहून सोनाका ही द्राक्षाची जात निवडली, त्याच जातकुळीचा हा माणूस. तर थंडी सोसायची ताकद रानद्राक्षाकडून आली, सुगंध मस्कटकडून. आंबटपणाही रानद्राक्षाचाच, त्याचा हिशेब पुढे करू.

उणे ३० म्हणजे फॅरनहाइट की सेल्सिअस, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिथे दोन्हींत चार अंशांचाच फरक राहतो, आणि उत्तर दोन्हीकडे सारखंच: टिकते. नीट जोपासलेल्या वेलीची खोडं उणे ३६ फॅरनहाइटला, म्हणजे उणे ३८ सेल्सिअसच्या आसपास, तगल्याची नोंद आहे. ३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला होता. त्या मार्चमध्ये मी बागेतून काड्या आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ब्लेडनं शंभर डोळे, म्हणजे पुढे फुटणारे कोंब, आडवे कापले. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी तर गेलेला. माझे अठरा गेले होते. छाटणीत तेवढे डोळे जादा ठेवले आणि पीक नेहमीसारखं आलं. वेली झाकल्या नव्हत्या, आजवर कधीच झाकल्या नाहीत.

आता यातली मेख. तो उणे ३६ चा आकडा रोपासोबत मिळत नाही, तो दर वर्षी सप्टेंबरात कमवावा लागतो. वेल थंडीसाठी तयार होते ती काडी पिकताना, आणि काडी पिकते पानांच्या जिवावर. ला क्रेसेंटची पानं डाऊनीला, म्हणजे ओलाव्यात पसरणाऱ्या केवडा रोगाला, कच्ची आहेत. इथे जून ते ऑगस्ट पाऊस असतो. तुम्हाला पावसातली डाऊनी नवी नाही, पण इथले बरेच हौशी लोक ‘ही कणखर जात आहे’ असं ऐकून फवारणीच सोडतात. ऑगस्टअखेर पानं गळतात, घड अर्धवट गोड राहतात, काडी हिरवीच राहते, आणि जानेवारीत डोळे गेले की नाव थंडीचं होतं. घड जास्त धरले तरी हेच, ऑगस्टात नत्र आणि पाणी ढिल्या हातानं दिलं तरी हेच. आपला नाशिककडचा हात खतपाण्याला सैल असतो, तो इथे आखडता घ्या. माझ्या बागेला पहिली दोन वर्षं सोडली तर ठिबकसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या नेमकी उलट्या सवयीची आहे. निफाडला वेल झोपतच नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो, म्हणजे तिला हलवून उठवतो. इथे वेल पाच महिने गाढ झोपते आणि आपली सगळी धडपड ती लवकर उठू नये म्हणून. रिपारियाच्या अंगात घाई आहे. एप्रिलमध्ये चार दिवस ऊन पडलं की डोळे फुगायला लागतात, आणि पाणी गोठवणारी रात्र इथे मेच्या मध्यापर्यंत कधीही येऊ शकते. माझं आजवरचं मोठं नुकसान जानेवारीनं केलेलं नाही, मेमधल्या एका रात्रीनं केलं आहे. मुख्य डोळा गेला तर बाजूचा दुय्यम डोळा फुटतो, त्यावर थोडेफार घड येतात, पण पीक निम्म्यावर येतं. म्हणून मी मार्चमध्ये काडी लांब ठेवून ढोबळ छाटणी करतो आणि शेवटची छाटणी मेपर्यंत लांबवतो. काडीच्या टोकाचे डोळे आधी फुटतात, खालचे मागे राहतात. टोकं जळाली तरी कामाचे डोळे वाचतात. जागा निवडताना खोलगट भाग टाळा. थंड हवा पाण्यासारखी उताराला वाहत जाते आणि खळग्यात साचते. तुमच्या अडीच एकरांत पहाटे धुकं कुठे साचतं ते एक वर्ष बघून ठेवा.

आणखी एक फरक कळला की निफाडच्या माणसाला बरं वाटतं. इथे डॉगरिजसारखा खुंट, म्हणजे कलमाखालची दुसऱ्या जातीची मुळं, लागत नाही. ला क्रेसेंट स्वतःच्याच मुळांवर लावतात. समजा एखाद्या भयंकर वर्षी वरचं सगळं गेलं, तरी जमिनीतून जो फुटवा येतो तो ला क्रेसेंटचाच असतो. कलम केलेल्या बागेत असं झालं तर खुंटच वर येतो आणि पुन्हा भरणी करावी लागते. मी याच कारणानं दर वेलीला एकाऐवजी दोन खोडं ठेवतो. एक गेलं तर दुसऱ्यावर काम चालतं. वेल खाली लोंबणारी आणि जोरकस आहे, म्हणून साडेपाच-सहा फुटांवर एक तार, तिच्यावर ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, आणि फुटवे दोन्ही बाजूंना खाली सोडलेले, एवढं पुरतं. मांडव नको, वाय आकाराचा सांगाडाही नको.

थंडीपेक्षा मला शेजारच्या मक्या-सोयाबीनची भीती जास्त वाटते. तणनाशकातलं टू-फोर-डी वाऱ्यानं आलं की द्राक्षाचं पान पंख्यासारखं चुण्या पडून आखडतं, हे तुम्ही तिकडेही पाहिलं असेल. एका जूनमध्ये माझ्या कडेच्या सहा ओळी अशाच गेल्या. भांडण न करता मी शेजाऱ्यांना माझ्या बागेचा नकाशा नेऊन दिला आणि फवारणीआधी फोन करा म्हणालो. ते आता करतात. लागवडीआधी तुमच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला काय पेरतात ते पाहून या.

इथवरचं एवढंच लक्षात ठेवा: जानेवारीला ही वेल पुरून उरते, मेला आणि डाऊनीला तिला तुमची मदत लागते. आता लिंबाकडे येऊ.

तुम्ही प्यायलेली वाइन बिघडलेली असेलच असं नाही. ला क्रेसेंटचा स्वभावच तो आहे. पिकलेल्या घडाचा रस काढला तर साखर २४-२५ ब्रिक्स, म्हणजे रसाच्या वजनात साधारण तेवढे टक्के, असते, म्हणजे भरपूर. पण सोबत एकूण आम्ल लिटरला १२-१३ ग्रॅम असतं आणि पीएच (जितका कमी तितकं आंबट) ३ च्या आसपास. नेहमीच्या ड्राय पांढऱ्या वाइनमध्ये आम्ल ६ ते ८ ग्रॅम असतं. हा जो वरचा भार आहे त्यात मॅलिक आम्लाचा वाटा मोठा, हिरव्या सफरचंदातलं आम्ल तेच. वेल ते उन्हाच्या ऊबेत हळूहळू जाळते. नाशिकची वाइनची द्राक्षं उतरतात तेव्हा ऊन चढायला लागलेलं असतं, आम्ल इतकं उतरतं की वाइनवाल्यांना उलट टार्टरिक, म्हणजे द्राक्षातलं दुसरं मुख्य आम्ल, घालावं लागतं. इथे पीक सप्टेंबरच्या उत्तरार्धात येतं, रात्री गारठलेल्या असतात, त्यात रानद्राक्षाच्या रक्तात मॅलिक मुळातच जास्त. साखर चढते, आम्ल तिथेच बसून राहतं. गोड झालं म्हणजे पिकलं, ही आपली खाण्याच्या द्राक्षाची समजूत इथे फसवते.

मग घड वेलीवर अजून ठेवावेत का? ठेवावेत, पण ला क्रेसेंटचे मणी पिकले की गळतात. हलक्या हातानं पाखरांसाठी लावलेली जाळी काढतानाही खाली सडा पडतो. याच कारणानं हिची बर्फातली वाइन, म्हणजे आइस वाइन, करायच्या भानगडीत पडू नका. डिसेंबरपर्यंत देठाला काही राहत नाही. माझे वडील एका सप्टेंबरात इथे आले होते. एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘अजून पंधरा दिवस ठेव.’ पाच दिवसांनी मणी जमिनीवर आणि वर गांधीलमाश्या बघून त्यांनीच क्रेट उचलायला घेतले. मी साखरेकडे पाहत नाही, आम्ल १२ च्या खाली आलं की तोडतो. कधीकधी ते येतच नाही, मग मणीगळ सुरू होते तो दिवस तोडणीचा.

तोडणीनंतर हातात काय उरतं ते माझ्या पद्धतीनं सांगतो. सगळेच असं करत नाहीत.

द्राक्षं चिरडून एक रात्र थंड ठेवतो, सालीसकट. मस्कटचा वास सालीत असतो. जास्त ठेवलं तर कडवटपणा येतो, म्हणून एकच रात्र. मग दाबून रस काढतो, निवळू देतो. यीस्ट ७१बी वापरतो, कारण ते आंबताना मॅलिकचा काही भाग खातं. चमत्कार नाही, पण जिभेला फरक कळतो. तापमान १३ ते १५ सेल्सिअस. त्याहून गरम झालं की जर्दाळू आणि संत्र्याच्या सालीचा जो वास या जातीचं सगळं वैभव आहे, तो वायूसोबत उडून जातो.

आंबून झालं की थंडी कामाला येते. टाकी शून्याच्या खाली नेऊन दोन-तीन आठवडे ठेवली की टार्टरिक खड्यांच्या रूपात खाली बसतं. लिटरमागे साधारण एक ग्रॅम आम्ल यात सुटतं. तुमच्याकडे मिनेसोटाचं गॅरेज आहे, जानेवारीत वीज न जाळता हे होतं. फक्त बाटल्या आणि कार्बॉय, म्हणजे मोठे बुधले, पूर्ण गोठणार नाहीत याकडे लक्ष द्या. तरीही जास्त वाटलं तर पोटॅशियम बायकार्बोनेट. लिटरला एक ग्रॅम घातलं की आम्ल एका ग्रॅमच्या आसपास उतरतं, पण ते टार्टरिक काढतं, मॅलिक नाही. म्हणून दोन ग्रॅमच्या पुढे गेलात की वाइन सपक आणि साबणासारखी लागायला लागते, आणि आंबटपणाचा तो हिरवा कोन तसाच राहतो. मी एका वर्षी चार ग्रॅम घातलं होतं. ती वाइन मी एकट्यानं दोन वर्षं प्यायली, कुणाला दिली नाही.

मॅलोलॅक्टिक करून, म्हणजे जिवाणूंकडून मॅलिकचं सौम्य लॅक्टिक आम्ल करवून, मॅलिक संपवावं असं पुस्तकी उत्तर आहे. पण पीएच ३ च्या आसपास त्या जिवाणूंना नीट जगता येत नाही, आणि जगले तरी लोण्याचा वास आणतात. जर्दाळूवर लोणी मला पटत नाही. हे माझं मत झालं. व्हरमाँटमध्ये ला गाराजिस्टा या वायनरीच्या डिएर्ड्र हीकिन हीच ला क्रेसेंट रानटी यीस्टवर आंबवतात, कधी सालीसकट, कधी बुडबुड्यांची वाइन करून, आणि त्या वाइनची चर्चा लांबवर होते. बुडबुड्यांना आंबटपणा शोभतो, हेही खरं. तुमच्या जिभेला ते रुचलं तर माझं ऐकू नका.

एवढं सगळं करूनही माझी वाइन ८.५ ते ९.५ ग्रॅमवर थांबते. इथे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. पूर्ण ड्राय, साखर शून्य, अशी ला क्रेसेंट होते. पण चौदा वर्षांत ती मला मनापासून आवडली अशी दोनदाच. दोन्ही वर्षं सप्टेंबर ऊबदार होता. बाकीच्या वर्षी मी लिटरला २५-३० ग्रॅम साखर ठेवतो. कैरीचं पन्हं आठवा. कैरी आंबट आहे म्हणून कुणी कैरीतून आंबटपणा काढत बसत नाही, गूळ घालतं. आणि गूळ बरोबर पडला तर पिणाऱ्याला ते गोड म्हणून लागत नाही, पन्हं म्हणून लागतं. ३० ग्रॅम साखर आणि ९ ग्रॅम आम्ल ही वाइन थंड करून दिली तर बरेच पाहुणे ‘ड्राय आहे ना?’ असं विचारतात. तेवढ्या साखरेची चेनिन ब्लां, म्हणजे नाशिककडे चालणाऱ्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, दिली तर गोडमिट्ट म्हणतील. कांदाभजी, तिखट कोळंबी, थोडी हिरवी मिरची पडलेली कोथिंबीर वडी यांच्याशी ती माझ्या घरात सगळ्यात आधी संपते.

साखर ठेवायची तर बाटलीत पुन्हा आंबणार नाही याची काळजी घ्या. मी वाइन पूर्ण आंबवून, निवळवून, सल्फाइट आणि यीस्टला पुन्हा वाढू न देणारं पोटॅशियम सॉर्बेट घालून मगच गोडवा देतो. त्यासाठी त्याच द्राक्षाचा थोडा रस फ्रीझरमध्ये राखून ठेवतो. साखर विरघळवून घालण्यापेक्षा वास चांगला राहतो. एक फायदा असा की कमी पीएचमुळे सल्फाइट थोडं लागतं आणि वाइन सहजी नासत नाही.

आता जे परिस्थितीवर आहे ते स्पष्ट सांगतो. तुम्ही पक्के ड्रायवाले असाल, गोडवा जिभेला लागलेला चालतच नसेल, तर ला क्रेसेंट ही तुमची मुख्य जात नव्हे. त्याच विद्यापीठानं नंतर इटास्का नावाची पांढरी जात काढली, तिचं आम्ल मुळात कमी असतं आणि ड्राय वाइन सरळ होते. पण तिला हा जर्दाळूचा घमघमाट नाही. मी असतो तर दोन तृतीयांश इटास्का आणि एक तृतीयांश ला क्रेसेंट लावली असती आणि मिसळून पाहिली असती. ‘असतो’ म्हणतो कारण मी लावली तेव्हा इटास्का बाजारात नव्हती.

आणि अडीच एकर लावू नका. ओळींत दहा फूट, वेलींत आठ फूट धरलं तर एकरी साडेपाचशेच्या आत वेली बसतात. वेलीमागे चार-साडेचार किलो धरा. केंद्राच्या कायद्यानं दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, वाइन घरासाठी करता येते, विकता येत नाही. तेवढ्याला अर्धा एकर भरपूर होतो. विकायची असेल तर परवाने, टाक्या, मजूर हा वेगळा धंदा आहे. पहिल्या वर्षी पन्नास वेली लावा, तिसऱ्या वर्षी पहिलं पीक बघा. दरम्यान इथल्या चार वेगळ्या वायनरींच्या ला क्रेसेंट विकत आणून एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून प्या. त्यातली एक तरी आवडली नाही तर रोपांचे पैसे वाचले.

राहिला नाशिकचा प्रश्न. काड्या बॅगेत घालून नेऊ नका. रोपांच्या काड्यांना परवानगी आणि विलगीकरण लागतं, आणि द्राक्षाचे रोग अशाच काड्यांवरून फिरतात. पण परवानगी मिळाली तरी मी नेणार नाही. निफाडचा पारा फार तर पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याहून खाली, तेव्हा वडील मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायचे. उणे ३० सोसायची ताकद तिथे कुणाच्या उपयोगाची? डाऊनीला मात्र ती तिथेही एवढीच कच्ची राहील, आणि लांब झोपेची सवय असलेल्या वेलीला उठवायला पेस्टचा हात किती द्यावा लागेल कोण जाणे. तिकडे चेनिन बरी चालली आहे. न्यायचीच असेल तर एक बाटली न्या, कपड्यांत नीट गुंडाळून.